वरनं टाकलेलं

उचगाव, कोल्हापूर
२० सप्टेंबर २००९, रविवार

प्रिय फिलू,

पाकिटावर सिस्टर फिलोमिना असं लिहिलंय, ते पोस्टमनसाठी. आत तू फिलूच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या कॉन्व्हेंटचा फोन मदरच्या खोलीत आणि आमचा आईच्या उशाशी. मग आपण दोघी नुसतं "बरं आहे, बरं आहे" करत बसतो. बरं काही नाही. ड्यूटीवरून आले, अंघोळ केली, आणि आडवी झाले तर झोप लागेल म्हणून भिंतीला टेकून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

तुमच्या झाबुआत स्वाइन फ्लू पोचलाय की नाही कोण जाणे. इथं पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि आपले कोल्हापूरकर, जे कुणाच्या बापाला भीत नाहीत, ते तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले. गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या. भाजीवालीसुद्धा लांबून पिशवीत वांगी टाकते. आमच्या दवाखान्यात वेगळा वॉर्ड केला आणि तिथं काम करणाऱ्या आम्हा आयांमधून माझी निवड झाली. मोठा मान! नवरा नाही, पोरंबाळं नाहीत, हिला काय होतंय, असा सरळ हिशोब. घरात दम्याची म्हातारी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मी सांगितलं तेव्हा रजा बंद झाल्या होत्या. आता रोज गाऊन, मास्क, हातमोजे घालते आणि लोकांच्या उलट्या पुसते. गेल्या आठवड्यात एक बाळंतीण गेली. तिचं तोंड पुसलं ते मीच. घरी येऊन आईला काही सांगितलं नाही.

आपल्या चर्चचं काय सांगू? आधीच मूठभर घरं, त्यात निम्मी भीतीनं येत नाहीत. दारातलं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं पडलंय. आईची बोटं अजून सवयीनं त्यात जायची आणि कोरडीच कपाळाला लागायची. शांतिदान करताना हात मिळवायचा नाही, लांबून नमस्कार करायचा. आणि ख्रिस्तशरीराची ती पातळ भाकर जिभेवर द्यायची नाही, हातावर द्यायची, असं वरून पत्रक आलं. फादर रेमंड नवे आहेत, वसईचे, पोरसवदा. स्वभावानं गरीब, पण भित्रे. पत्रकात लिहिलंय त्यापेक्षा चार बोटं जास्तच पाळतात. बोट तळहाताला लागू नये म्हणून ते ख्रिस्तशरीर थोडं वरूनच सोडायला लागले. मला त्यात काही वाटलं नाही. वॉर्डात आम्ही गोळ्यासुद्धा तशाच देतो.

आईचा नंबर आला. डावा हात उजव्यावर कसा ठेवायचा ते फादरनी आधी सगळ्यांना दाखवलं होतं, पण तिनं काय केलं माहीत आहे? दोन्ही हात जोडून ओंजळ केली. खाली वाकून, हनुवटीजवळ. फादरनी वरून सोडलं. तिनं तोंडात घातलं, पण बाकावर परत आली नाही. तशीच दाराबाहेर गेली. मी मागं धावले तर बसस्टॉपवर उभी, पदर तोंडाला लावून. मला वाटलं दम लागला. म्हणाली, "व्हय, दमच लागलाय. घरी चल."

लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आपण ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल. तिच्या माहेरी, गावकुसाबाहेर, आपल्या लोकांना पाणी मिळायचं ते ओंजळीत. देणारा उंच ओट्यावर, घेणारा खाली वाकलेला. भाकरीसुद्धा वरून पदरात पडायची, कारण देणाऱ्याचा हात विटाळायचा. मग लग्न होऊन ती दादांच्या घरी आली, बाप्तिस्मा झाला, आणि त्या गोऱ्या म्हाताऱ्या फादरनी पहिल्यांदा आपल्या बोटांनी तिच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलं. ती म्हणायची, "परक्या मानसानं माझ्या तोंडात घास घातला. आयला सोडून कुनी घातला नव्हता की." धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण दोघींनी एवढी पाठांतरं केली, पण आई ख्रिस्ती का झाली ते या एका वाक्यात आहे. आणि मी, तिची पोटची पोर, शेजारी उभी राहून तिची ओंजळ बघत होते तरी मला कळलं नाही. पुढच्या रविवारी ती उठलीच नाही, तेव्हा विचारलं. म्हणाली, "मला ताप न्हाय. पन वरनं टाकलेलं मी आता खानार न्हाय. लई खाल्लं."

मी फादरना जाऊन सांगितलं. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच दिवशी घरी आले, दारात चपला काढल्या, आईपुढं जमिनीवर बसले. म्हणाले, मावशी, तुम्हाला मी जिभेवर देतो, बिशपसाहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन. फिलू, मला त्या पोराचं कौतुक वाटलं. आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सगळ्यास्नी तसंच देनार हाईसा? न्हाय न्हवं? मग मला एकटीलाच चोरून नगं." ते रडवेले होऊन गेले. ते गेल्यावर अण्णासोमामा आले. मामाला तू ओळखतेस, छपन्नपासून बौद्ध, आणि तेव्हापासून आपल्या धर्माची चेष्टा करायची एक संधी सोडलेली नाही. आईला म्हणाले, "आक्का, आमच्या विहारात ये. तितं कोन तोंडात बी घालत न्हाय आनि हातावर बी टाकत न्हाय. जाताना लाडू मिळतोय." आई खळखळून हसली. या महिन्यात तेवढंच हसली.

हे नुसतं चर्चचं असतं तर मी एवढं लांबलचक लिहायला बसले नसते. साथ ओसरेल, पत्रक जाईल, फादर पुन्हा जिभेवर द्यायला लागतील. खरं दुखणं घरात आहे.

मी त्या वॉर्डात काम करते म्हणून आईच्या जवळ जात नाही. तिचा दमा बघता तिला माझ्याकडून काही लागलं तर ती वाचायची नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपते. तिचं ताट उंबऱ्यावर ठेवते, मागं सरकते, मग ती उचलते. तिच्या वेणीला हात लावला नाही की पाय चेपले नाहीत. डॉक्टरीण म्हणाल्या, अगदी बरोबर करताय. मलाही तसंच वाटायचं. दोन आठवड्यांपूर्वी बुधवारी दमून आले होते, आईला पाणी हवं होतं. तिचा पेला तिच्याजवळ पडला होता. मी तोंडाला रुमाल लावला, हात लांब केला आणि म्हटलं, पेला धर, ओतते. तिनं पेला उचललाच नाही. तिनं ओंजळ केली, तशीच, वाकून, हनुवटीजवळ. मला थांबताही येईना. मी वरून ओतत राहिले आणि ती प्यायली. मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "बास झालं, पोरी." रागानं नाही गं. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

तेव्हापासून ती जेवत नाही. ताट उंबऱ्यावरच राहतं. "भूक न्हाय," एवढंच. पेजेचे दोन घोट घेते, तेही मी नजरेआड झाल्यावर. मामांना भरवायला सांगितलं, तर "मी काय ल्हान हाय व्हय?" म्हणून त्यांना हाकललं. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर जातात. काल झोपेत तुझं नाव घेत होती. माझं नाही घेतलं. मी तर समोरच असते ना, उंबऱ्यापलीकडं.

म्हणून हे पत्र, फिलू. तू कॉन्व्हेंटमध्ये गेलीस तेव्हा मी तुझ्याशी बोलले नव्हते, आणि त्यानंतरही तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आज मागते. तू ये. मदर सुट्टी देत नसतील तर हे पत्र त्यांना वाचून दाखव, मराठी कळत नसेल तर समजावून सांग. पुण्याला गाडी थांबली तरी खाली उतरू नकोस. तू येशील त्या दिवसापासून मी मामांकडं राहायला जाईन, तुमच्या दोघींच्या जवळपास फिरकणार नाही. फक्त भाकरी करून पाठवत जाईन, तिला आवडते तशी, बाजरीची. घरी पोचलीस की दारातल्या बादलीत कोपरापर्यंत साबणानं हात धू आणि तडक आत जाऊन तिच्या मांडीला मांडी लावून बस. तिला विचारू नकोस, समजावू नकोस, प्रार्थनासुद्धा नंतर कर. आधी घास मोड आणि तुझ्या हातानं तिच्या तोंडात घाल.

रोज दाराकडं बघणारी,
तुझीच आक्का