एक वाफ पुरे!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

‘श्रीपूरच्या बायांनो, सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाचं खरवडून खाणारी कोण? तुम्हीच! आणि घरात काय शिजवायचं हे ठरवणारी कोण? तुम्ही नव्हे!’ — रविवारची सभा अशीच सुरू करायची.

दूध, अंडी, मटण सोडा, हे मी वीस वर्षं सांगतेय. पण मागच्या वेळी तिथल्या बचतगटाच्या मुक्ताबाईंनी अडवलंच. ‘भाषण लई ग्वाड, वैजयंतीताई. पण पोरं बर्गर मागत्यात. त्येंला काय देऊ, तुमची पुस्तकं?’

म्हणून आज बर्गर! राजमा रात्रभर भिजवला, कुकरला सात शिट्या. ठेचून त्यात उकडलेला बटाटा, लसूण, शेंगाचटणी. टिक्की तव्यावर फुटायला लागली — दोन चमचे ज्वारीचं पीठ घातलं, धरली. पावात दूध नाही ना, बेकरीवाल्याला तीनदा विचारलं. आई अठ्ठ्याहत्तरची, जन्म मेंढरांमागं गेलेला. ‘मटणाची सर न्हाय,’ म्हणाली. आणि तिसरा मागितला!

रविवार, ९ नोव्हेंबर

सभा जिंकली. पण मनात एक कुसळ राहिलंय.

कृती सांगत होते. एक बाई उठली — ‘सात शिट्या? गॅस लई जातो की, ताई!’ मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. ‘मग मोड आणा! मटकीला देता तशी एक वाफ पुरे! आपल्या आज्यांकडं कुठं कुकर होता?’ टाळ्याच टाळ्या. आई पहिल्या रांगेत, तीही वाजवत होती.

राजम्याला मोड आणून मी कधी केलेलं नाही. ओघात तोंडातून गेलं. चालत असेल. कडधान्यच ना ते?

बुधवार, १२ नोव्हेंबर

अक्कलकोटहून दुपारी परतले तर आई न्हाणीत बसलेली, भिंतीला डोकं टेकून. उलट्या थांबेनात. रिक्षात माझ्या मांडीवर तिचं डोकं कापसासारखं हलकं लागलं.

आता सलाईन चालू आहे. मध्येच डोळे उघडून म्हणाली, ‘तू सांगितलं तसं मोड आणून बर्गर केले. तुज्यासाठी. चवीला येकच खाल्ला.’

हात थंडगार आहेत तिचे. चोळत बसलेय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपारी

डॉक्टर नंदीश वयानं लहान, पण स्पष्ट बोलतात. ‘राजमा कच्चट राहिला. त्यात विष असतं. पाण्यात चांगला खळखळून उकळला तरच जातं, वाफेनं नाही. आजी धोक्याबाहेर म्हणायला उद्यापर्यंत थांबू. — लहान मुलांना नाही ना दिलं कुणी?’

सभेत दीडशे बाया होत्या.

गुरुवार, संध्याकाळी

बचतगटाच्या ग्रुपवर मुक्ताबाईंनी फोटो टाकलाय. परातभर राजमा, एकेकाला बोटभर मोड. ‘उद्या बालदिन. शाळेत साठ पोरांना ताईंच्या पद्धतीचे बर्गर!’

फोन लावला. उचलत नाहीत. मग लिहायला घेतलं. ‘मी चुकले’ लिहिलं. पुसलं. माझ्या सभांमध्ये मागं उभा राहून खिदळणारा तो मटण खानावळीचा शिवानंद डोळ्यांपुढं आला — ‘बघा, घासफूस खायला घालून म्हातारीला पार दवाखान्यात नेलं!’ शेवटी पाठवलं ते असं — ‘राजमा जरा जास्त शिजवलात तर उत्तम.’

तासाभरानं मुक्ताबाईंचं उत्तर आलं. ‘व्हय ताई, दोन वाफा देतो.’

दोन वाफा! आणि मी पुढं काहीच लिहिलं नाही. हे इथं तरी कबूल करते. मला भीती वाटतेय. मुलांची वाटते आणि माझ्या नावाचीही वाटते. कुठली जास्त, हे विचारायचा धीर नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी साडेसहा

आईनं डोळे उघडले. पहिलाच प्रश्न — ‘बायांस्नी सांगितलंस का?’

‘सांगितलं.’

‘काय सांगितलंस? वाच.’

वाचलं. ‘वैजू, मेंढरं इखाच्या पाल्यात शिरली तर जरा बाजूला सरा म्हनत्यात व्हय गं? वरडायचं असतंय!’

शुक्रवार, सव्वासात

मुक्ताबाईंनी आत्ता फोन उचलला. डबे शाळेत पोचलेत. वाटप प्रार्थनेआधीच. ऐकलं आणि ‘पळते बगा!’ म्हणत त्यांनी फोन टाकला. शाळेचा फोन कुणी घेत नाही. ग्रुपवर माझ्या आवाजात पाठवलंय, अजून ऐकल्याची एकही खूण नाही —

‘श्रीपूरच्या बायांनो, मी वैजयंती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो राजमा विषारी आहे, माझी आई दवाखान्यात आहे. शाळेत पळा. पोरांच्या हातातला पाव हिसकावून घ्या!’