न लिहिलेला माफीनामा

करंजाडे, पनवेल
३ मार्च २०२६

ती. जुडाहकाका आणि बथशेबाकाकू यांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू कोसळेल म्हणून ईमेल लिहिते. काका, तुम्ही जन्मभर विमानं दुरुस्त केलीत. बाबांचे दोस्त म्हणून घरी यायचात आणि मला या कामाचं वेड लावून इस्राएलला निघून गेलात. आता निवाडाही तुम्हीच करा.

परवा एका वैमानिकाने उतरल्यावर नोंद केली, ‘उतरताना आरए, तपासावे.’ आरए म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र. जवळ आलेल्या विमानाला टाळण्यासाठी मिळणारा इशारा, तोही आरएच. माझे वरिष्ठ दीपेश यांनी उंचीचं यंत्र तपासलं, ठीक निघालं, मला सही करायला सांगितलं. मी म्हटलं, वैमानिकाला विचारल्याशिवाय नाही. वैमानिकाचा फोन लागेना. विमान खोळंबलं, प्रवासी भडकले. अखेर वैमानिक बोलले, तर त्यांना म्हणायचं होतं उंचीचंच यंत्र! दीपेशनी सगळ्यांदेखत मला चालता शब्दकोश म्हणून हिणवलं.

आता दीपेशच्याही वरचे साहेब म्हणतात, उशिराबद्दल लेखी माफी दे, नाहीतर नोकरीत कायम करणार नाही. आई म्हणते, नोकरी हाय तर समदं हाय, दे लिहून. अपमान वाटतो, आणि भीतीही. काय करू?

रागावलात तरी लोभ ठेवा.
तुमची समीक्षा


अश्दोद
६ मार्च

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद. शालोम.

काकू विचारते आहे, पोरगी जेवते की नुसती आद्याक्षरं चघळते?

आमच्या हँगरमध्ये रिवाज होता. सही करणाऱ्याने नोंद मोठ्याने, पूर्ण शब्दांत वाचायची. अडखळला की पेन खाली. त्यापायी आम्हीही शिव्या खाल्ल्या. तुझी शंका खोटी ठरली हे देवाचे उपकार, तुझी चूक नव्हे. ठाऊक नसताना केलेली सही म्हणजे थाप.

नोकरी जाईल? जाऊही शकते, खोटा धीर देत नाही. तुझ्या आईने, चंद्रावतीवहिनींनी, बोल लावायचा तर मला लावावा. पण माफी लिहू नकोस. पुढे पुन्हा शंका आली, तर तो कागद तुझा हात अडवेल.

सर्वांवर प्रेम आहेच, ते वाढतं राहो.
जुडाहकाका


करंजाडे
२४ मार्च

ती. काकांना सा. न.

माफी दिली नाही. त्यांनी कायम केलं नाही, मुदत वाढवून टांगतं ठेवलंय. आई बोलत नाही, ताट मात्र झाकून ठेवते. वाईट वाटतं.

काल दीपेश यांची बायको आणि तान्ही मुलगी नागपूरला निघाल्या होत्या. ते विमान दुसऱ्याने तपासलं होतं, सहीच तेवढी बाकी होती. दीपेश माझ्याकडे आले. खाली बघत म्हणाले, एकदा तू पाहून घे, सहीही तूच कर.

मी सगळं पाहिलं, सही केली. मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि आता विमानात बसायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

आशीर्वाद हवाच आहे.
समीक्षा