सतरा चुकांचा कागद

देवपूर, धुळे
२ मे १९९९

ती. अक्कास सुकदेवचा सा. न. वि. वि.

आमच्या कॉलेजात इंटरनेट आलं आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाने आपल्या अधिक महिन्याच्या पोथीचं मूळ संस्कृत त्यावर ठेवलं आहे. शब्दावर बटण दाबलं की धातू, विभक्ती, अर्थ सगळं समोर येतं. आबांनी आजवर बारा अधिक महिने गावाला जो अर्थ सांगितला, तो मी त्याच्याशी ताडून पाहिला. पहिल्या चार अध्यायांतच सतरा चुका निघाल्या. यादी छापून पाठवतो, आबांना दाखव. वडील आहेत म्हणून फार बोलत नाही, पण असला गावठी अर्थ कुणा शिकलेल्याच्या कानी पडला तर?

सोळा तारखेला अधिक लागतो. या वेळी मंदिरात पोथी मी सांगेन. आबांनी आराम करावा.

भाच्यांना आशीर्वाद. राग न धरता माया ठेव.
तुझा, सुकदेव

भडगाव, जि. जळगाव
९ मे १९९९

चि. सुकदेवास अ. उ. आ.

पाकिटाला दुप्पट तिकिटं लावली होतीस, तेव्हाच समजलं की चुका वजनदार असणार. बापाच्या चुका काढायला सातासमुद्रापार जावं लागतं हे नव्याने कळलं. आमच्या गल्लीत ते काम सुना घरबसल्या करतात.

माझं सासर माहेराहून दोनच घरं पुढे, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. आबांनी तीन दिवस यादी वाचली. एकेक चूक पोथीत काढून पाहिली. मग एवढंच म्हणाले, "पोऱ्या खरं सांगस." पोथी लाल फडक्यात बांधून माझ्या हाती दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. तेव्हापासून कापसातली सरकी काढत बसतात.

तर ये, विद्वान. आसन झाडून ठेवते.
प्रकृतीस जप. माया आहेच, ती काही यंत्राने तपासू नकोस.
अक्का

भडगाव
२७ मे १९९९

चि. सुकदेवास अ. उ. आ.

पेपर तपासायचे म्हणून पाचव्या दिवशी पहिल्याच एसटीने गेलास. पेपर तर एप्रिलातच संपले म्हणाला होतास. असो.

चार दिवसांत तुझे तीन श्लोक झाले. या चालीने समाप्तीचा प्रसाद माझ्या नातवंडांनी खाल्ला असता. पहिल्या दिवशी साठ बाया होत्या, चौथ्या दिवशी नऊ, आणि त्यातली बेबाबाई भिंतीला टेकून झोपलेली. तू फळ्यावर विभक्त्या लिहीत होतास, म्हणून दिसलं नसेल. पोथी ऐकताना बायांचे हात वाती वळत असतात. तुझ्यापुढे एकीचाही हात हलला नाही.

शेजारच्या सुगंधाबाईची लाखवात आहे. नातू दुखण्यातून उठला तेव्हाचा लाख वातींचा नवस. शेवटच्या बारा हजार वाती या अधिकात, पोथी ऐकतच वळायच्या आहेत. तुझ्या चार दिवसांत तिची एक वात झाली नाही, आणि आता आठवडाभर आसनच रिकामं. मांडलेली पोथी अर्धी ठेवत नाहीत, हे तुझ्या विद्यापीठाला कुणी कळवलं नसेल.

आबांना विनवलं. ते म्हणाले, चुकीचं आहे हे कळल्यावर लोकांना कुठल्या तोंडाने सांगू? याचं उत्तर हवं. तू शिकलेला, तू दे.

अक्का

देवपूर, धुळे
३१ मे १९९९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

टोमणे पोहोचले. टपालखात्याने एकही गहाळ केला नाही.

उत्तर माझ्याजवळही नाही. सतरा चुका खऱ्या आहेत. त्या मागे कशा घेऊ? पण एक कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जळगावला परिसंवादात मी एका श्लोकाचा आबांचा अर्थ सांगितला. सभागृह हसलं. तो अर्थ कुणाचा, हे मी सांगितलं नाही. उलट मीही त्यांच्यात हसलो. त्यानंतर पुन्हा कुणी आबांना हसू नये म्हणून हे सारं मांडलं, असं स्वतःला समजावत होतो.

आबांसमोर यायचं धाडस होत नाही. तुझी माया कमी झाली असेल तर तेही समजेन.
सुकदेव

भडगाव
१५ जून १९९९

चि. सुकदेवास अ. उ. आ.

परवा समाप्ती झाली. तुझं पत्र आबांना दाखवलं नाही. ते माझ्या पेटीत आहे.

तुझ्या-माझ्या उत्तराची वाट सुगंधाबाईने पाहिली नाही. जून लागला त्या दिवशी ती कापसाची टोपली घेऊन आबांच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "चुकेल शे तं चुकेलच वाचा, आबा. मना हात त्यावरच चालस." चुकलेल्या पोथीवरच तिचा हात चालतो म्हणे.

आबांनी हातातली सरकी खाली ठेवली. मग मला म्हणाले, पोथी आण. आणि तो कागदही.

पुन्हा पहिल्यापासून मांडली. रोज दोन वेळा वाचत होते, घसा बसला तरी. कागदावरची चूक आली की थांबत आणि सांगत, की इथे मी आजवर असं सांगत आलो, माझा सुकदेव शिकला, तो असं सांगतो, त्याचं खरं धरा. सतराच्या सतरा चुका त्यांनी साठ बायांसमोर अशा कबूल केल्या. बायांचे हात चालू होते. कुणी हसलं नाही.

लाखवात पूर्ण झाली. तू इथेच सोडून गेलास तो संस्कृताचा छापील गठ्ठा वाया गेला नाही. शंभर-शंभर वातींच्या पुड्या त्यात बांधल्या. यादीचा कागद मात्र आबांनी पोथीत ठेवला आहे, पुढच्या अधिकासाठी.

तेव्हा तू ये. फळा आणू नकोस. बायांच्या मागे बसायला जागा ठेवते. कापूस मी देईन.

तोवर लोभ आहे तेवढा पुरव.
अक्का