साबणावर चालणारी गाडी

मंगळवार, संध्याकाळ. अकोला

हातांचा पेट्रोलचा वास जातच नाही. बाबांच्या जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर सकाळी मीच उघडला. पेट्रोल साठतं त्या खालच्या वाटीच्या कडेला वाळलेला हिरवट थर होता. मळ समजून ब्रशनं घासून काढला, नवी रबरी रिंग बसवली. तरी पेट्रोल गळूनच राहिलं. काहून?

जुन्या शहरातल्या मिस्त्रीकडे वाटी नेली. त्यानं ती काचेवर ठेवून पाहिली. "वाटीच वाकडी हाय, ताई. आता याची वाटी कुठं भेटत नाही. फटीत साबन दाबला का गळत नाही, त्या साबनावर चालू होती हे गाडी. तो साबन काढला कोनं?"

साबण! आंघोळीचा. त्या थरात अंगठ्याचा ठसा होता. मी पाहिला होता तो. पाहूनही घासला.

घरी येऊन साबण लावून पाहिला. गळतंच. लकवा झाल्यापासून बाबा खाटेवरच असतात. तिथूनच म्हणाले, "तुले नाही जमत. आन इकडे."

त्यांचा उजवा हात हलतच नाही, म्हणून साबणाची वडी डाव्या हातात दिली. त्यांनी वडीवर अंगठा दाबला. वडी निसटून खाटेखाली गेली. मी उचलायला वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाही.