सोळाव्या दिवसाची अंडी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या वहिनीच्या हातचा आहे. माझं अक्षर ओळखून तू आधीची दोन पत्रं न उघडताच परत धाडलीस, म्हणून ही लबाडी. आत मीच आहे. रागाव, शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच. दादा म्हणून तुला आजवर पुष्कळ हुकूम सोडले. ही विनंती आहे, आणि विनंती करायची सवय नसल्यामुळे ती कशी करतात ते मला नीटसं ठाऊक नाही.

आधी आपल्या अंडी उबवायच्या हॅचरीची खबर देतो. तुझ्या जागी जो आला आहे तो अंडी ट्रेमध्ये निमुळतं टोक वर करून लावतो. मी म्हटलं, बाबा रे, पिल्लाच्या श्वासाची पोकळी बोथट टोकाला असते, तू त्याला एकवीस दिवस शीर्षासन घालतोयस. तर म्हणतो, 'पंडित, अंडं शेवटी गोलच ना!' मला तू आठवलास. तुझ्या पहिल्याच दिवशी मी तुला ऐकवलं होतं की पक्ष्याला संस्कृतात द्विज म्हणतात, कारण तो एकदा अंडं म्हणून जन्मतो आणि एकदा अंड्यातून. त्यावर तू म्हणालास, 'मग दादा, आपण सुईणी झालो. दोन बाळंतपणांचा पगार मागू या.' मालक तेव्हा हसला होता. आता त्याला हसताना पाहून पाच महिने झाले.

पाच महिने, म्हणजे ती खेप. एकोणीस हजार अंडी, दोन नंबरचं यंत्र. एकविसाव्या दिवशी सकाळी मी हॅचरचं, शेवटचे तीन दिवस अंडी असतात त्या पेटीचं, दार उघडलं. रोज दार उघडायच्या आधीच आतली चिवचिव ऐकू येते. त्या दिवशी नुसता पंख्याचा आवाज होता. दोन-अडीचशे पिल्लं बाहेर आली होती, आणि तीही गप्प बसलेली. तू माझ्या मागे उभा होतास. तू म्हणालास, 'दादा, यंत्र बंद आहे का?' मी म्हटलं, नाही.

पुढचं तुला फक्त कागदावरून माहीत आहे. न फुटलेली अंडी फोडून आतला जीव कितव्या दिवशी गेला ते सांगायचं, हे काम बावीस वर्षं माझं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बादली घेऊन बसायचं आणि एकेक अंडं उघडायचं. सातव्या दिवशी गेलेलं असेल तर मिऱ्याएवढा काळा डोळा आणि नुसता अंकुर. सोळाव्याचं असेल तर अंगभर पिसं, नखं, चोच, सगळा संसार मांडून झालेला. यात चूक होऊ शकत नाही, सहावीतल्या पोरालाही कळेल. पण बघायला पोर नव्हतं. मालक दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहतो, आणि 'पंडितांनी लिहिलं' म्हणजे त्याच्या लेखी ब्रह्मवाक्य. मी लिहिलं, 'मृत्यू : सातवा दिवस.'

सातव्या दिवशी पाळी तुझी होती. ट्रॉलीचं चाक निखळलं म्हणून तू यंत्राचं दार बारा मिनिटं उघडं ठेवलंस, आणि स्वतःच्या हातानं वहीत तसं नोंदवलंस. दुसरा कोणी असता तर नोंदवलं नसतं. मालकानं माझा कागद आणि तुझी वही शेजारी शेजारी ठेवली आणि तुला चहाही न विचारता घरी पाठवलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चष्मा पुसत होतो.

धाकट्या, बारा मिनिटांनी काही होत नाही. कोंबडीसुद्धा रोज अंड्यांवरून उठते, दाणे टिपते, अर्धा तास फिरून येते, आणि तिची पिल्लं ठणठणीत निघतात. ते जीव सोळाव्या दिवशी गेले. त्या दुपारी मी एकटा होतो. थंड पाण्याची झडप अडकली आणि भोंगा वाजू लागला. त्याच क्षणी मला फोन आला, एका शाळेतून. संस्कृत शिकवायला माणूस हवा होता. अर्ज मी तुम्हा सगळ्यांना चोरून केला होता. मी भोंगा गप्प करायचं बटण दाबलं, म्हटलं दोन मिनिटांत बघतो. पलीकडच्या बाई विचारत गेल्या आणि मी चाळीस मिनिटं पाठांतर झाडत राहिलो. फोन ठेवला तो इतक्या आनंदात की चहा प्यायलो, आणि आवारात दोन फेऱ्या मारून मनातल्या मनात वर्गाचा पहिला तास घेतला. संध्याकाळी यंत्राच्या काचेला हात लावला तर ती तापलेली. त्या वयाच्या पिल्लाला स्वतःचीच ऊब फार होते. पाणी थांबलं की ती एकमेकांना भाजतात. पारा शंभराच्या आत हवा, तो एकशे सहावर होता. मी झडप सोडवली आणि वहीत लिहिलं, 'सर्व ठीक.'

अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये हलवताना ती हाताला गार लागली. जिवंत अंडं हाताला कोमट लागतं, हे तुला मीच शिकवलं आहे. मला कळलं. तरीही मी ट्रे भरत राहिलो, ट्रॉली ढकलणाऱ्या तुझ्याशी थट्टा करत, आणि तीन दिवस त्या गार दगडांची ऊब राखली. शाळेनं पुढे वयाचं कारण देऊन नाही म्हटलं.

काल सकाळी मालकाला हे सगळं लिहून दिलं, आणि खाली सही केली. त्यानं दोनदा वाचलं. 'पंडित, सख्ख्या भावावर?' एवढंच म्हणाला आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. त्या कागदाची नक्कल सोबत आहे. हव्या त्या हॅचरीत दाखव.

पण मी कागदासाठी लिहीत नाही. परवा तुझ्या बायकोचा वहिनीला फोन आला होता. बोलण्यापेक्षा रडलीच जास्त. मुलगी सतरा दिवसांची झाली आणि तू तिला एकदाही उचलून घेतलेलं नाहीस, म्हणाली. दारात हात मागे बांधून उभा राहतोस. तिनं पुढे केली की मागे सरतोस, आणि म्हणतोस, माझ्या हातात जीव टिकत नाही. हे वाक्य मी तुझ्या तोंडात घातलं आहे, माझ्या अक्षरात, सहीनिशी, आणि ते परत कसं काढून घ्यायचं ते मला कुठल्याच भाषेत येत नाही. मला क्षमा करू नकोस, माझ्यासाठी दार पुन्हा कधी उघडू नकोस. फक्त हे पत्र खाली ठेव, आत जा आणि तिला उचल. मान तळहातावर घे. कोमट लागेल.

तू म्हणशील तोवर तुझाच,
दादा