छातीशी ठेवलेली बाटली

सोम. ३ फेब्रु.
रात्रभर झोप नाही. चिऊ रांगायला लागली ना. काल पाळण्याखालून सरळ नितीनच्या खोक्याकडे. त्यात त्याच्या वेपचं, त्या इलेक्ट्रिक सिगरेटचं, सगळं सामान, कडक निकोटीनची बाटली पण त्यातच. दिसायला नुसतं पाणी. पोराने घोटभर घेतलं तर संपलं, असं हाच सांगतो, वर कूस बदलून घोरतो. मी चिऊच्या छातीवर हात ठेवून बसले. वर ठेवू तर कुठे, पोटमाळा सासूबाईंच्या भांड्यांनी भरलाय आणि त्या गावी.

मंगळ. ४
नितीनने सिगरेट सोडली ती चिऊसाठीच, म्हणून मी जास्त बोलत नाही. वेपला बंदी, म्हणून लिक्विड घरीच मिसळतो. "कुणाजवळ बोलायचं नाय हां. तुझ्या दादाजवळ तर नायच." दादा माझा भाऊ, शीवला राहतो. मागेच म्हणालेला, त्रास झाला तर पोरीला घेऊन सरळ इकडे ये.
पण त्यातला वास जुळवायला नाक माझं. नितीनला आंबा नि अननस सारखाच. चिऊ झोपल्यावर आज ओलं खोबरं नि वेलची केलं. वेलची एकच थेंब. वास घेतला नि मी गावी. मागच्या पडवीत आई करंज्या भरतेय, सारवलेल्या जमिनीवर पाय गार. किती वेळ तशीच उभी. दूध उतू गेलं.

बुध. ५
नितीनच्या गोडाऊनमधल्या मित्राचा फोन. तो पण मिसळायला शिकतोय.
"वहिनी, गटारासारखं लागतंय ओ."
"सगळे वास एकदम ओतलेस ना रे?"
"मग? भारी होईल वाटलं."
हसूच आलं. सांगितलं त्याला. आधी एकच फ्लेवर घे, तो जमला की दुसरा. कमी पडलं तर अजून घाल, पडलेलं काढता येत नाही. पुदिना तर नावालाच. लगेच ओढून बघू नको, कपाटात अंधारात मुरू दे, लोणचं मुरतं तसं. केकचा इसेन्स नको, तेलाचं काही नको, छातीत बसतं. नाक थकलं की गॅलरीत जाऊन ये. बाटलीवर नाव लिही. निकोटीनला हात लावायचा तर हातमोजे, ते कातडीतून पण आत जातं.
"तुम्ही घालता?"
"मी घालते. तुझा दोस्त घालत नाय."

गुरु. ६
चिऊने खोकं ओढलं. निकोटीनची बाटली तिच्या मुठीत. झाकण लागलेलं होतं. एकेक बोट सोडवून काढून घेतली.
नितीनला म्हटलं फेकून दे. "आत्ता कुठे सिगरेट सुटलीय. परत ओढू काय? तिच्या तोंडावर धूर सोडू?"
दुपारी बाटलीला जागा सापडली. गाऊनच्या आत, छातीशी, सुट्टे पैसे खोचते तिथे. माझ्याजवळून कोण घेतंय. मग झोप लागली, दोघींना. स्वप्नात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, गजरेच गजरे, खोलीभर, पाण्यावर तरंगतायत, चिऊ त्यांच्यावर रांगतेय नि बुडत नाही. असा फ्लेवर करता आला पाहिजे.

शुक्र. ७
सकाळपासून हलकं हलकं. भिंती मऊ झाल्यासारख्या, खालचे आवाज लांबून. बरं वाटत होतं आधी. गाऊन छातीवर ओला. दूध आलं असेल, चिऊची वेळ झालीच की येतं. बदलला नाही. तिला घेतलं तर एकदा चोखून थुंकली, तोंड वाकडं करून रडली. मग मला उलटी.

शुक्र. परत
दूध नव्हतं ते. बाटलीचं झाकण सैल, अर्धी रिकामी. गाऊन काढला, मोरीत बसून साबणाने सगळं धुतलं. तिचं तोंड धुतलं. घाम फुटलाय. अक्षर पळतंय.
शेजारच्या काकूंना हाक मारली. "काय झाला गो? उपास धरलंस काय?" मी हो म्हटलं. नितीनने बोलू नको म्हटलंय म्हणून. कशाला हो म्हटलं. त्या हॉस्पिटलला जायला टॅक्सी बघायला खाली गेल्या. नितीनचा फोन लागत नाही. दादाचा लावते तर आकडे हलतात, बोट भलतीकडेच पडतं.
चिऊ रडायची थांबली. नुसती बघतेय माझ्याकडे.
वाटेत माझी शुद्ध गेली तर डॉक्टर मला उपासाची समजून साखरपाणी देत बसतील. चिऊकडे कोण बघणारच नाही. ही तर वरून ठणठणीत दिसते. बोलायला जीभ वळत नाही, वही काकूंच्या हातात देते.
जे कोणी हे वाचाल त्यांनी माझ्या भावाला फोन करा. नंबर दाराच्या मागे खडूने लिहिलाय. त्याला सांगा उपास नाही, निकोटीन आहे, चिऊच्या तोंडात पण गेलंय. डॉक्टरला हेच सांग म्हणावं. आधी तिला दाखव. मला नंतर