मुतारीच्या दारावरचा म्हातारा

कवठे महांकाळ, गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी मी माझ्या हाताने त्या माणसाला मुतारीच्या दारावर बसवलं. लेकीच्या सासऱ्यांचं नवं हॉटेल, फ्रेमांचं काम माझ्याकडे. नाही कसं म्हणणार? अमेरिकेतल्या गवताळ माळावर काढलेला जुना फोटो, तिथल्या मूळच्या ब्लॅकफीट जमातीचा एक म्हातारा. 'पुरुष' असं लिहिण्याऐवजी तो लावायचा, म्हणजे गिऱ्हाईक हसेल, ही व्याह्यांची कल्पना.

त्या काळी फोटो काढताना बराच वेळ हलायचं नसे. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी मुठीत घट्ट धरली आहे.

माणूस गेला की त्याचा फोटो माझ्याकडे फ्रेमला येतो. काच पुसून हात जोडल्याशिवाय मी एकही फोटो दुकानाबाहेर दिलेला नाही. याचीही काच पुसली. हात जोडले नाहीत. कुठल्या तोंडाने जोडणार? तेव्हापासून रोज पूजेला बसलो की ती मूठ दिसते. काढून आणावा तर लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. आणि राहू द्यावा तर...

आज दुपारी हॉटेलात गेलो आणि स्क्रू काढायला लागलो. व्याही धावत आले.

"आवं पाव्हणं, फोटोच हाय त्यो! तुमचा आजा हाय व्हय?"

"कुणाचा तरी असंलच की," मी म्हणालो.

गल्ल्यावर लेक बसली होती. तिने मान वर केली नाही. माझा हात थांबला, ती मूठ डोळ्यासमोरच होती. मग चौथा स्क्रूही काढला, फोटो टॉवेलात गुंडाळला आणि चहाला न थांबता घरी घेऊन आलो.